कारागीर लक्ष्मणराव किर्लोस्कर : एक स्मरण

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त कामकरी व व्यापारी बांधवांच्या सभेंत दिलेलें भाषण)



ज्यांनीं आपलें ख्रिस्तमंदिर उभारलें व ज्यांनीं आपल्या पूर्वजांना धर्मशिक्षण दिलें, त्यांचें स्मरण ज्युबिलीच्या उत्सवांत करणें हें आपलें कर्तव्य होय. आणि या उत्सवांतील इतर वक्ते तें उत्तम प्रकारें पार पाडीत आहेत. माझ्यावर कामकरी व व्यापारी बांधवांपुढें चार शब्द बोलण्याचें काम सोंपविण्यांत आलें आहे. आपल्या धर्मग्रामांत लेथवर काम करणारे, मोटारी व पंप दुरुस्त करणारे, सुतारकाम व वेल्डिंग करणारे पुष्कळ आहेत. कित्येकांचीं स्वतःचीं लहान लहान दुकानें आहेत. त्यांच्यापुढें एखाद्या राजाचें किंवा सेनापतीचें चरित्र ठेवण्यापेक्षां त्यांच्याच धंद्यांतील एका मनुष्याचें चरित्र ठेवावें असें मला वाटलें, म्हणून मीं कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचें नांव निवडलें. ते आपल्या धर्माचे नव्हते. परंतु सचोटीचें काम जेथें दिसेल तेथें त्याचा आदर करावा, हें आपल्या धर्माला धरूनच आहे. तेव्हां त्याबद्दल अधिक समर्थन करण्याची जरुरी मला दिसत नाहीं.

किर्लोस्कर हें नांव उच्चारलें कीं आपल्या डोळ्यांपुढें पंप, इंजिनें आणि मोठमोठे कारखाने उभे राहतात. मला बोलावयाचें आहे तें या मोठेपणाविषयीं नव्हे. बेळगांवासारख्या लहान शहरांत सायकली विकणारा व यंत्रें जोडणारा एक कारागीर, इतरांनीं निरुपयोगी म्हणून बाजूस सारलेल्या वस्तूंतून आणि माणसांतूनच आपलें काम कसें उभें करीत गेला, एवढीच गोष्ट मला सांगावयाची आहे. तिचा आपल्याशीं काय संबंध पोंचतो, तें शेवटीं पाहूं.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर या गांवीं झाला. शाळेच्या पुस्तकांपेक्षां यंत्रांकडे आणि चित्रकलेकडे त्यांचा ओढा अधिक होता. वडील बंधु रामचंद्रपंत, ज्यांना सर्वजण रामूअण्णा म्हणत, यांच्या पाठबळावर ते १८८५ सालीं मुंबईस गेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें चित्रकला शिकूं लागले. पुढें असें आढळून आलें कीं, कांहीं रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखतां येत नाहींत. चित्रकार होऊं पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा आघात कोणता? दुसरा एखादा हात जोडून स्वस्थ बसला असता. लक्ष्मणरावांनीं रंगपेटी बाजूस ठेवली, पण पेन्सिल हातांत तशीच राहूं दिली. यांत्रिक रेखाटनाला रंग लागत नाहीं. तेथें लागते ती सरळ रेघ, अचूक माप, आणि एकच वस्तु वरून, समोरून व बाजूनें कशी दिसेल हें मनांत पाहण्याची शक्ति. ती त्यांच्यापाशीं भरपूर होती. ते यांत्रिक रेखाटन शिकले, आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें त्याच विषयाचे साहाय्यक शिक्षक झाले.

या संस्थेचें नांव मीं मुद्दाम संपूर्ण उच्चारलें. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणास ५० वर्षें झालीं, त्या ज्युबिलीच्या स्मरणार्थ ती १८८७ सालीं निघाली होती. ज्युबिलीच्या आनंदांत मिरवणुकी निघतात, दिवे लागतात, आणि दुसऱ्या दिवशीं सारें विझून जातें. परंतु एका ज्युबिलीनिमित्त निघालेल्या संस्थेंत खेड्यांतून आलेल्या एका तरुणाच्या हाताला वळण मिळालें, ही गोष्ट आपण आज ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. तेथें शिकवीत असतां लक्ष्मणरावांनीं यंत्रें उघडून, जोडून व चालवून पाहत स्वतःचें शिक्षणहि चालू ठेवलें. शिकविणारा स्वतः शिकत राहिला म्हणजे त्याचें ज्ञान शिळें होत नाहीं.

त्या काळीं सायकल ही आपल्या देशांत नवलाची वस्तु होती. १८८८ सालीं या बंधूंनीं बेळगांवांत सायकलींचें लहानसें दुकान काढलें. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत, आणि रामूअण्णा त्या विकीत व घेणाऱ्यास चालविण्यासहि शिकवीत. ज्या रस्त्यावर हें दुकान होतें, तो आजहि किर्लोस्कर रोड या नांवानें ओळखला जातो. शहराचें अधिकृत नांव मात्र २०१४ सालीं बेळगावी असें झालें. दोघां भावांनीं एकमेकांवर विश्वास टाकून चालविलेलें हें दुकान पुढील सर्व उद्योगाचें बीज ठरलें. मुंबईच्या नोकरींत बढतीची वेळ आली, तेव्हां लक्ष्मणरावांना डावलून ती जागा दुसऱ्यास देण्यांत आली. पगाराची शाश्वति सोडणें कोणाहि संसारी मनुष्यास सोपें नसतें. परंतु आपल्या कामाचें मोल जेथें कामावरून ठरत नाहीं, तेथें राहण्यांत अर्थ नाहीं असें समजून त्यांनीं राजीनामा दिला आणि ते बेळगांवीं भावाच्या दुकानांत परतले.

बेळगांवीं त्यांनीं लहानसा कारखाना घातला. तेथें प्रथम कडबा कापण्याचें यंत्र तयार झालें आणि त्यानंतर लोखंडी नांगर. या नांगराविषयीं थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे. आपल्याकडील जुना लांकडी नांगर जमीन उकरतो, पण ती उलथवीत नाहीं. काळ्या जमिनींत हरळी आणि कुंदा यांच्या मुळ्या खोल गेलेल्या असतात. वरवर उकरलेल्या शेतांत त्या पुन्हा माजतात आणि पिकाचा घांस स्वतःच खाऊन टाकतात. लोखंडी नांगराला फाळाच्या मागें वळण दिलेला एक पत्रा असतो. फाळानें कापलेला मातीचा थर त्या पत्र्यावर चढतो व उलटा पडतो. त्यामुळें तण खालीं गाडलें जातें आणि खालची माती वर येऊन तिला ऊन लागतें. वस्तु साधी दिसते. पण फाळ मऊ असला तर तो लवकर झिजतो, ठिसूळ असला तर दगडावर आपटून तुटतो, आणि पत्र्याचें वळण चुकलें तर बैलांना ओढ जड जाते. असा नांगर भट्टींत आणि सहाणेवर जितका घडतो, तितकाच शेताच्या बांधावर शेतकऱ्याशेजारीं उभें राहून घडतो.

आणि शेतकरी तर तो घेईनात. लोखंडानें जमिनींत विष भिनतें, अशी त्यांची समजूत होती. शिकलेले लोक या समजुतीस हसतात. मला हसूं येत नाहीं. ज्याच्यापाशीं एकच शेत आहे आणि तें नासलें तर मुलांच्या तोंडांत घालावयास दुसरें कांहीं नाहीं, तो मनुष्य नव्या वस्तूस भिणारच. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षें लागलीं. बंधूंनो, तुमच्यापैकीं जे दुकानदार आहेत त्यांनीं या दोन वर्षांचा विचार करावा. माल तयार आहे, पैसा अडकलेला आहे, कामकऱ्यांचें वेतन तर द्यावयाचेंच आहे, आणि गिऱ्हाईक येत नाहीं. अशा वेळीं गिऱ्हाइकाला मूर्ख म्हणण्याचा मोह होतो, किंवा माल हलका करून स्वस्त विकण्याचा मोह होतो. लक्ष्मणराव नांगर बनवीत राहिले. शेतकऱ्याचा विश्वास बसण्यास जो काळ लागतो तो त्यांनीं त्याला दिला, आणि पुढें याच नांगरानें त्यांचें नांव दख्खनच्या गांवोगांवीं नेलें.

धंद्याचा जम बसूं लागला तोंच दुसरें संकट आलें. शहराच्या नव्या वस्तीसाठीं त्यांच्या कारखान्याची जागा हवी होती, आणि त्यांना तेथून उठावें लागलें. भट्टी, यंत्रें, ओतकामाचे सांचे, कामकऱ्यांचीं कुटुंबें हें सारें घेऊन जावयाचें कोठें? त्या वेळीं औंधचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं त्यांना आपल्या संस्थानांत बोलाविलें, कर्जाऊ पैसा दिला, आणि कुंडल रोड या रेल्वे स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन दिली. हे राजेसाहेब स्वतः चित्रकार होते. ज्या कलेनें लक्ष्मणरावांना दारांतून परत पाठविलें, त्याच कलेच्या एका उपासकानें त्यांना आसरा दिला, हा योग पाहून मन थक्क होतें.

पण ती जमीन होती कशी? निवडुंगानें भरलेली, सापांनीं व्यापलेली, पाण्याची टंचाई असलेली. कोणीहि फुकट दिली तरी घेऊं नये अशी. १९१० सालीं तेथें वसाहतीस आरंभ झाला. लक्ष्मणरावांबरोबर त्यांच्या पत्नी राधाबाई, बंधु रामूअण्णा आणि बेळगांवाहून आलेले थोडे कामकरी सहकुटुंब होते. निवडुंग तोडून त्यांनीं राहावयास घरें बांधलीं, आणि गांवाची आंखणी रामूअण्णांनीं केली. स्त्रियांच्या वांट्याला यांत काय आलें असेल, तें माझ्या भगिनींना सांगावयास नको. शहरांतील घर सोडून उघड्या माळावर चूल मांडणें, लहान मुलांना सापाकिरड्यांपासून जपणें, आणि तरीहि आल्यागेल्याला भाकरी वाढणें, या श्रमांचा हिशेब कोणत्याच कारखान्याच्या वहींत लिहिलेला नसतो. त्या माळरानाचें नांव किर्लोस्करवाडी झालें. आज तें गांव सांगली जिल्ह्यांत आहे, आणि रेल्वे स्टेशनहि त्याच नांवानें ओळखलें जातें.

आतां मी माझ्या विषयाच्या गाभ्याशीं येतों. या कारखान्यांत माणसें कोण होतीं? मोठ्या पदव्या घेतलेले विद्वान नव्हते. ज्यांचें शिक्षण अर्ध्यावर राहिलें होतें, जे परीक्षेंत नापास झाले होते, ज्यांच्याविषयीं घरच्यांनींहि आशा सोडली असेल, असे कित्येक तरुण तेथें आले. शिक्षण अपुरें राहिलेले अनंतराव फळणीकर तेथें कल्पक यंत्रज्ञ म्हणून नांवारूपास आले. शंभोराव जांभेकरांसारखे सहकारी लक्ष्मणरावांच्या हाताखालीं तयार झाले. जो मनुष्य पुस्तकांतून शिकत नाहीं तो मंदबुद्धि असतो, असें लक्ष्मणराव मानीत नसत; कारण शाळेंत रमणाऱ्यांपैकीं ते स्वतःहि नव्हते.

याहून पुढची गोष्ट अशी कीं, तुरुंगांतून शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनीं आपल्या कारखान्याचे रात्रीचे पहारेकरी नेमलें. ज्यांच्या भीतीनें लोक दारें लावून घेत, त्यांच्याच हातीं त्यांनीं दाराची किल्ली दिली. आणि त्या माणसांनीं ती विश्वासानें सांभाळली. त्याचप्रमाणें अस्पृश्यता पाळावयाची नाहीं, असा त्या वसाहतीचा नियम होता. आपल्या देशाच्या घटनेनें १९५० सालीं अस्पृश्यता रद्द केली. त्याच्या कित्येक वर्षें आधीं एका कारखानदारानें आपल्या गांवापुरती ती रद्द केली होती. आपणां ख्रिस्ती लोकांतहि जातीचा अभिमान कोठें कोठें दडून बसलेला असतो, हें आपण आपल्या मनाशीं जाणतों. म्हणून ही गोष्ट ऐकतांना आपल्या माना जराशा खालीं झुकल्या, तर त्यांत वावगें कांहींच नाहीं.

१९१४ सालीं पहिलें महायुद्ध पेटलें आणि परदेशांतून येणारा माल आटला. लोखंड मिळेना, दगडी कोळसा मिळेना. तेव्हां भट्टीसाठीं लांकडी कोळसा वापरून पाहण्यांत आला. आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं आपल्या संस्थानांतील जुन्या तोफा लोखंडासाठीं दिल्या. त्या तोफा फुटल्या, भट्टींत वितळल्या, आणि त्यांचे नांगर झाले. भविष्यवादी यशयानें पाहिलेलें दर्शन तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. तें मीं येथें पुन्हा सांगत नाहीं. सारें जग तोफा ओतीत असतां कृष्णाकांठच्या एका ओतशाळेंत तोफांचे नांगर होत होते, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतों. १९२० सालीं किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली, आणि त्याच सालीं शंकरराव किर्लोस्करांनीं 'किर्लोस्कर खबर' हें मासिक सुरू केलें. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेंत जाऊन यंत्रविद्या शिकून आले. १९४१ सालीं हरिहर येथें लेथ बनविणारी कंपनी निघाली, आणि १९४६ सालीं पुण्यास तेलाचीं इंजिनें व बंगळूरास विजेचीं यंत्रें करणाऱ्या कंपन्या निघाल्या. १९४८ सालीं महात्मा गांधींच्या हत्येनंतर जी जाळपोळ उसळली, तींत किर्लोस्करवाडीचा कारखानाहि आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. लक्ष्मणराव त्या वेळीं ७८ वर्षांचे होते. ज्या मनुष्यानें आपल्या गांवांत माणसामाणसांतील भेद मोडून काढला, त्याचेंच काम एका जातीवरील रागाच्या वणव्यांत जळावें, हें दैवाचें क्रौर्य म्हणावयाचें. पण कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजीं लक्ष्मणरावांचा देहान्त झाला. त्यांच्या जन्मास १०० वर्षें झालीं तेव्हां, १९६९ सालीं, सरकारनें त्यांच्या चित्राचें टपालाचें तिकीट काढलें.

बंधूंनो, कोणाचेंहि चरित्र सांगतांना केवळ स्तुति करूं नये. जेथें नोकरी देणारा आणि घर देणारा एकच असतो, तेथें कामकऱ्याची सारी भिस्त धन्याच्या स्वभावावर राहते. धनी चांगला असला तर गांव सुखी. पण त्याच्यामागून येणारा तसाच निघेल याची हमी कोण देणार? म्हणूनच पोप तेरावे लिओ यांनीं १८९१ सालीं आपल्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रांत असें प्रतिपादन केलें कीं, कामकऱ्याचा निर्वाह होईल इतकें वेतन ही दया नसून न्याय आहे, आणि आपले संघ स्थापण्याचा कामकऱ्यांना हक्क आहे. धन्याच्या चांगुलपणाबरोबर न्यायाची चौकटहि असली पाहिजे. तसेंच पोप बारावे पायस यांनीं १९५५ सालीं १ मे हा दिवस श्रमिक संत जोसेफ यांचा सण म्हणून ठरविला. नाझरेथच्या त्या सुताराच्या हातांना घट्टे पडलेले होते, हें आपण त्याच्या मूर्तीपुढें मेणबत्ती लावतांना विसरूं नये.

आतां आपल्या धर्मग्रामाकडे पाहूं. दरवर्षीं दहावीचा निकाल लागला कीं कांहीं घरांत पेढे वांटले जातात आणि कांहीं घरांतील मुलगा चार दिवस बाहेर पडत नाहीं. त्याची आई माझ्याकडे येते आणि म्हणते, "फादर, याचें आतां काय करूं?" ज्यानें नापास मुलाला आपल्या कारखान्यांत घेतलें त्याचें चरित्र मीं तुम्हांला आज यासाठींच सांगितलें. तुमच्यापैकीं ज्याचें ज्याचें दुकान आहे, त्यानें असा एक मुलगा आपल्या हाताखालीं घ्यावा. त्याला केवळ पाना आणून देण्यास किंवा चहा आणण्यास ठेवूं नये. माप घ्यावयास, रेखाटन वाचावयास आणि काम बिघडलें तर तें कां बिघडलें हें शोधावयास शिकवावें. त्याला ठरल्या दिवशीं ठरलेलें वेतन द्यावें. आणि आईबापांनींहि, शेजाऱ्याचा मुलगा परदेशीं कचेरींत बसतो म्हणून आपल्या मुलाच्या काळ्या तेलकट हातांची लाज बाळगूं नये.

दुसरी गोष्ट याहून कठीण आहे. आपल्यांतील एखादा मनुष्य चुकला, दारूंत बुडाला, तुरुंगांत गेला आणि परत आला, तर त्याला आपण काय देतों? चर्चमध्यें शेवटच्या बांकावर जागा देतों आणि बाहेर त्याच्याविषयीं कुजबुज करतों. त्याला काम कोणी देत नाहीं. काम न मिळालेला मनुष्य पुन्हा त्याच वाटेला लागला म्हणजे, "आम्हीं आधींच सांगितलें होतें," असें आपण म्हणतों. क्षमेचा उपदेश मी वेदीवरून करतों, तो माझा धर्मच आहे. परंतु तुमच्यापैकीं एखाद्यानें अशा मनुष्याच्या हातीं आपल्या दुकानाची किल्ली दिली, तर त्या एका किल्लीनें माझ्या अनेक प्रवचनांहून अधिक काम होईल. यांत धोका नाहीं असें मी म्हणत नाहीं. तो धोका लक्ष्मणरावांनींहि पत्करला होता.

आपल्या ज्युबिलीची आठवण म्हणून कोणी नवी घंटा सुचविली आहे, कोणी संगमरवरी फरशी. त्या गोष्टी यथाशक्ति होतील. पण येत्या वर्षांत आपल्या धर्मग्रामांतील दहा दुकानांत दहा मुलें कामाला लागलीं आणि शिक्षा भोगून आलेल्या एका तरी मनुष्याला भाकरी मिळाली, तर ही ज्युबिली खऱ्या अर्थानें साजरी झाली असें मी समजेन. ज्यांना असा एखादा मुलगा घ्यावयाचा आहे त्यांनीं येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सानंतर मला भेटावें. मुलांचीं नांवें माझ्यापाशीं आहेत.

 परमेश्वर आपल्या हातच्या कामाला यश देवो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.